मग बॉम्ब ठेवले कुणी? दहशतवादाचे खटले कोर्टात का कोसळतात

२१ जुलै २०२५ ला सकाळी मुंबई उच्च न्यायालयाने लोकल गाड्यांतल्या बॉम्बस्फोटांच्या खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. दुपारपर्यंत सोसायटीच्या, शाळासोबत्यांच्या, नातेवाइकांच्या सगळ्या ग्रुपांवर एकच प्रश्न फिरत होता: "मग बॉम्ब ठेवले कुणी?" दहा दिवसांनी, ३१ जुलैला, मालेगावच्या २००८ च्या स्फोटातले सातही आरोपी विशेष न्यायालयातून सुटले. पुन्हा तोच प्रश्न. फरक इतकाच, की पहिल्या निकालावर चिडलेल्यांतले बरेचजण दुसऱ्यावर समाधानी होते, आणि पहिल्या निकालाने हायसं वाटलेले दुसऱ्याने हताश झाले.

आरोपी कोणत्या धर्माचे, कोणत्या संघटनेचे, हे घटकाभर बाजूला ठेवूया. दोन्ही निकालपत्रं शेजारी शेजारी मांडली, तर ती एकाच दुखण्याबद्दल बोलतात. लोकलमध्ये १८९ माणसं गेली. मालेगावात सहा गेली. कुणीतरी त्यांना मारलं, आणि आज त्यासाठी कुणीही दोषी नाही. हे कसं झालं ते कायद्याची पदवी नसलेल्यालाही कळायला हवं, कारण मेलेली माणसं तुमच्याआमच्यासारखीच संध्याकाळी घरी निघालेली होती.

निकालांत नेमकं काय आहे

११ जुलै २००६. संध्याकाळी ६.२४ ते ६.३५ या अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या लोकलच्या पहिल्या वर्गाच्या सात डब्यांत स्फोट झाले. माटुंगा, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. आठशेहून अधिक जखमी झाले. तपास महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाकडे, म्हणजे एटीएसकडे गेला. तेरा जणांवर खटला चालला. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने एकाला सोडलं, पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली. फाशी झालेल्यांपैकी एकजण २०२१ मध्ये तुरुंगातच कोरोनाने गेला. आणि शेवटी उच्च न्यायालयाने सगळ्याच शिक्षा रद्द केल्या. आरोप सिद्ध करण्यात सरकारी पक्ष सपशेल अपयशी ठरला, असं न्यायालय म्हणालं.

तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने या निकालाला स्थगिती दिली, तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं की आरोपी पुन्हा तुरुंगात जाणार. तसं नव्हतं. स्थगितीचा अर्थ इतकाच होता, की अपील चालू असेपर्यंत या निकालाचा दाखला दुसऱ्या खटल्यांत देता येणार नाही. सुटलेले सुटलेलेच राहिले.

मालेगावचा स्फोट २९ सप्टेंबर २००८ चा. रमजानचे शेवटचे दिवस, रात्रीची वेळ, भिक्कू चौकात उभी असलेली एक मोटरसायकल. एटीएसने तपास केला, २०११ मध्ये तो राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे, म्हणजे एनआयएकडे गेला. आरोप निश्चित व्हायलाच २०१८ उजाडलं. ३२३ साक्षीदार तपासले गेले, त्यातले तीसहून अधिक फितूर झाले. स्फोट झाला हे सिद्ध झालं, पण बॉम्ब त्याच मोटरसायकलवर होता हे सिद्ध झालं नाही, असं विशेष न्यायालयाने म्हटलं. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, हे या निकालाचं सार. मृतांच्या वारसांना प्रत्येकी दोन लाख आणि जखमींना पन्नास हजार रुपये द्यायला न्यायालयाने सांगितलं.

"निर्दोष" या शब्दाची फोड

इथे पहिला आक्षेप येतो: पुरावे नाहीत म्हणून सुटले, याचा अर्थ केलं नाही असा थोडाच होतो?

आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धं. गुन्हा कुणी केला हे शोधणं कोर्टाचं काम नाही, ते पोलिसांचं. कोर्टापुढचा प्रश्न अगदी मर्यादित असतो: समोर उभ्या केलेल्या या माणसाने हे केलं, असं वाजवी शंकेला जागा न ठेवता सिद्ध झालं का? उत्तर "नाही" आलं की माणूस सुटतो.

रक्ततपासणीचं उदाहरण घ्या. लॅबमध्ये बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाल्याचं कळलं, तर डॉक्टर तो रिपोर्ट बाजूला ठेवतात. त्याने तुम्ही ठणठणीत ठरत नाही, पण त्या रिपोर्टवर औषधही सुरू करता येत नाही. आणि हट्टाने सुरू केलंच तर? ज्याला आजार नाही त्याच्या पोटात कडक गोळ्या जातात, आणि ज्याला आजार आहे तो औषधाविना घरी बसतो.

हा दुसरा भाग आपण विसरतो. चुकीच्या माणसाला पकडलं तर एका निरपराधावर अन्याय होतो, एवढंच आपल्या डोक्यात असतं. पण त्याच क्षणी खरा गुन्हेगार मोकळा होतो, आणि त्याला कुणी शोधतही नाही, कारण फाइलवर "उलगडा झाला" असा शिक्का पडलेला असतो. उच्च न्यायालयाने लोकलच्या निकालात हेच फार स्पष्ट मांडलं आहे. गुन्हा उलगडल्याचा खोटा देखावा उभा केला की समाज निर्धास्त होतो आणि धोका तिथेच राहतो, असा त्या परिच्छेदाचा आशय आहे. माझ्या मते दहशतवादाविरुद्धच्या आपल्या सगळ्या धोरणाचं मर्म त्यात आहे.

पुरावा हरवतो तो कुठे

सोनाराकडे जुनी बांगडी मोडीत घालायला जाताना आपण काय करतो? समोर वजन करून घेतो, चिठ्ठी घेतो, डोळ्यांआड जाऊ देत नाही. एकदा का बांगडी पडद्यामागे गेली आणि दुसऱ्या दिवशी सोनार म्हणाला, "यात तांबंच जास्त निघालं", की वाद कधीच मिटत नाही. बांगडीत खरंच तांबं असेलही. पण ते आता सिद्ध कसं करणार?

स्फोटाच्या जागी मिळालेली पावडर, तारेचा तुकडा, आरोपीच्या घरातून जप्त केलेला मुद्देमाल यांचं हेच होतं. वस्तू पंचांसमोर उचलली पाहिजे, तिथल्या तिथे सील झाली पाहिजे, पंचनाम्यात तिची नोंद पाहिजे, पोलिस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीतून प्रयोगशाळेपर्यंत ती कुणाच्या हातून कधी गेली याची साखळी पाहिजे. एक कडी तुटली की वकील एवढंच विचारतो, "मधल्या काळात हे बदललं गेलं नाही कशावरून?" लोकलच्या खटल्यात जप्त वस्तू नीट सील न केल्याचा मुद्दा निकालात आहे. बॉम्ब नेमका कोणत्या प्रकारचा होता हेही सरकारी पक्षाला सांगता आलं नाही. मालेगावच्या निकालात तर घटनास्थळाचा साधा नकाशा काढला नव्हता, बोटांचे ठसे घेतले नव्हते, नमुने दूषित झाले होते, असं म्हटलं आहे. रस्त्यावर बॉम्ब फुटल्यावर पहिल्या दोन तासांत जखमींना उचलायचं असतं, गर्दी आवरायची असते, मंत्री येणार असतात. त्या गोंधळात पुरावा तुडवला जातो तो कायमचाच.

दुसरी जागा साक्षीदाराची. लोकलच्या खटल्यात ज्यांनी आरोपींना पाहिल्याचं सांगितलं त्यांत टॅक्सीवाले होते, आणि ते स्फोटांनंतर शंभराहून अधिक दिवसांनी पुढे आले. मुंबईत टॅक्सीवाला दिवसाला किती गिऱ्हाइकं नेतो? तीन महिन्यांपूर्वीचा एक चेहरा तो कशाच्या बळावर ओळखणार, असा प्रश्न न्यायालयाला पडला. शिवाय ज्या अधिकाऱ्याने ओळख परेड घेतली त्याला ती घेण्याचा अधिकारच उरला नव्हता. म्हणजे टॅक्सीवाला खरं बोलत असेल, तरी त्याचं बोलणं वाया गेलं.

तिसरी जागा सगळ्यात नाजूक, ती कबुलीजबाबाची. पोलिसासमोर दिलेली कबुली पुरावा मानायची नाही, हा नियम आपल्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्यापासून आहे, आणि तो इंग्रजांनी केला. त्यांना आरोपींचा पुळका होता म्हणून नव्हे, त्यांना आपल्या ठाण्यांत काय चालतं ते माहीत होतं म्हणून. छडी हातात घेऊन मास्तरांनी "पाटी कुणी फोडली?" विचारलं, तर जो सगळ्यात आधी घाबरतो तो कबूल होतो. पाटी त्यानेच फोडली असेल याची खात्री त्यातून मिळत नाही.

दहशतवादविरोधी कायद्यांनी या नियमाला अपवाद काढले. महाराष्ट्राचा १९९९ चा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, म्हणजे मकोका, आजही पोलिस अधीक्षक किंवा त्याच्या वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरची कबुली चालवून घेतो. लोकल खटल्याचा मोठा आधार अशाच कबुल्या होत्या. उच्च न्यायालयाने त्या ताडून पाहिल्या तेव्हा त्यांतले भाग एकमेकांवरून उतरवून काढल्यासारखे दिसले, आणि छळ झाल्याच्या आरोपींच्या तक्रारीत तथ्य वाटलं. कबुल्या गेल्या, आणि त्या गेल्यावर खाली दुसरं फारसं काही उरलं नाही.

मला हे सारखं वाटत राहतं: कबुली पुरावा म्हणून चालते हे माहीत असलेला तपास अधिकारी बाकीच्या पुराव्यामागे तितक्या जिवाने धावत नाही. कायद्याने दिलेल्या सवलतीनेच तपास आळसावला.

हे फक्त मुंबईत घडलेलं नाही. २००२ च्या अक्षरधाम हल्ल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये सहा जणांना निर्दोष सोडलं, तिथेही कबुलीजबाबच टिकले नव्हते. जयपूरच्या २००८ च्या स्फोटांत फाशी झालेल्या चौघांना राजस्थान उच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये सोडलं, आणि तपास करणाऱ्यांचीच चौकशी करायला सांगितलं. पुण्याच्या जर्मन बेकरीत १३ फेब्रुवारी २०१० ला १७ जण गेले. त्यात फाशी झालेला आरोपी २०१६ मध्ये दहशतवादाच्या कलमांतून सुटला, स्फोटकं बाळगल्याचा गुन्हा मात्र कायम राहिला. मालेगावातच ८ सप्टेंबर २००६ ला झालेल्या आधीच्या स्फोटांत एटीएसने पकडलेले नऊ जण २०१६ मध्ये आरोपमुक्त झाले. तोवर तपास एटीएस, सीबीआय आणि एनआयए अशा तीन हातांतून गेला होता.

"मग कायदाच आणखी कडक करा"

हे तर आपण चाळीस वर्षं करतोय.

पंजाब पेटला होता, इंदिरा गांधींची हत्या झाली होती, तेव्हा १९८५ मध्ये टाडा हा दहशतवादविरोधी कायदा आला. दीर्घ कोठडी, जवळजवळ अशक्य जामीन, पोलिसांसमोरची कबुली ग्राह्य. १९९५ मध्ये तो संपू दिला गेला तोवर सुमारे ७६ हजार लोकांना त्याखाली अटक झाली होती आणि दोषी ठरलेले दोन टक्क्यांहूनही कमी होते. मग अमेरिकेवरचा हल्ला आणि १३ डिसेंबर २००१ चा संसदेवरचा हल्ला यांच्या पार्श्वभूमीवर २००२ मध्ये पोटा आला. त्याचं विधेयक मंजूर करायला संसदेचं संयुक्त अधिवेशन बोलवावं लागलं. दोन वर्षांत तोही रद्द झाला.

पण पोटातल्या बऱ्याच तरतुदी त्याच वेळी एका जुन्या कायद्यात उतरवल्या गेल्या. तो म्हणजे १९६७ चा बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा, सगळे ज्याला यूएपीए म्हणतात. २६/११ नंतर डिसेंबर २००८ मध्ये तो आणखी कडक झाला, २०१९ पासून संघटनेबरोबर एकट्या व्यक्तीलाही "दहशतवादी" जाहीर करता येऊ लागलं. दोषारोपपत्राविना १८० दिवस कोठडी शक्य झाली. जामिनाचं कलम असं, की पोलिसांची कागदपत्रं वाचून आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तर कोर्टाने जामीन देऊच नये. आता दोषारोपपत्र लिहितात पोलिस. बचावाची बाजू अजून ऐकलेली नाही. पेपर तपासायच्या आधीच निकाल लावून मुलाला वर्गाबाहेर बसवण्यासारखं हे आहे, आणि पेपर तपासायला दहा वर्षं लागतात. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की खटला लवकर संपण्याची चिन्हं नसतील आणि माणूस वर्षानुवर्षं आत असेल तर जामीन देता येतो. तरी व्यवहारात तो मिळणं अवघडच आहे.

या कायद्याची एक बाजू मात्र चांगली आहे. टाडा आणि पोटासारखी पोलिसांसमोरची कबुली यूएपीए चालवून घेत नाही.

केंद्र सरकारने संसदेत दिलेली आकडेवारी पाहा. २०१६ ते २०२० या पाच वर्षांत यूएपीएखाली ५,०२७ गुन्हे दाखल झाले, २४,१३४ आरोपी होते. त्या काळात दोषी ठरले २१२, निर्दोष सुटले ३८६. बाकीचे बहुतेक खटले रेंगाळलेले होते, त्यामुळे या आकड्यांवरून अंतिम हिशेब मांडता येणार नाही. पण ज्यांचा निकाल लागला त्यांत सुटलेले जास्त आहेत, हे तर समोर आहे. पोत्याला भोक पडलं असताना पोत्याचं तोंड आणखी घट्ट बांधून धान्य सांडायचं थांबत नाही.

"अतिरेक्यांना कसला खटला? गोळी घाला"

हा आक्षेप मी चिडलेल्या लोकांकडून ऐकतो आणि त्यांचा राग मला कळतो. त्यांना मी एकच उदाहरण देतो, आपल्या घरचं.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी, हातात फक्त लाठी असताना, अजमल कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली. गोळ्या अंगावर घेतल्या. दहा हल्लेखोरांपैकी हा एकटा जिवंत सापडला. तो जिवंत सापडला नसता तर ही मुलं कुठून आली, कुणी पाठवली, याबद्दल पाकिस्तानने हात झटकले असते आणि जगाने "असेल बुवा" म्हणून सोडून दिलं असतं.

मग खटला उभा राहिला. छत्रपती शिवाजी टर्मिनसवरचे सीसीटीव्ही, वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनी जीव धोक्यात घालून काढलेले फोटो, पाकिस्तानातून हल्लेखोरांना सूचना देणारे फोनवरचे आवाज, हल्लेखोर जिच्यातून आले त्या "कुबेर" बोटीवरच्या वस्तू, शेकडो साक्षी. कसाबला वकील दिला गेला. दीड वर्षात निकाल लागला, मे २०१० मध्ये. ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली, २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात ती अमलात आली. तुरुंगात त्याला बिर्याणी मिळते ही गोष्ट तेव्हा घरोघरी पोचली होती. ती खरी नव्हती, हे खुद्द सरकारी वकिलांनी नंतर सांगितलं.

याच खटल्यातली एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात नाही. कसाबबरोबर दोन भारतीय आरोपी होते. त्यांनी हल्ल्याच्या जागांचे नकाशे पुरवले असा आरोप होता. विशेष न्यायालयाने त्या पुराव्यावर विश्वास ठेवला नाही आणि दोघांना सोडलं. वरच्या दोन्ही न्यायालयांनी ती सुटका कायम ठेवली. १६६ माणसांच्या मृत्यूचा खटला, सगळा देश चवताळलेला, आणि तरी एका न्यायाधीशाने दाणे आणि खडे वेगळे केले. म्हणूनच कसाबच्या शिक्षेकडे जगात कुणालाही बोट दाखवता आलं नाही.

"पण हल्ले तर कमी झाले ना?"

हो, शहरांतले तरी झाले, आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. २००५ ते २०११ आठवा. दिल्ली, मुंबई, हैदराबाद, जयपूर, बंगळूर, अहमदाबाद, पुणे. टिफिनचा डबा बेवारस दिसला तरी पोटात गोळा यायचा. मुंबईत १३ जुलै २०११ च्या तीन स्फोटांनंतर तसा मोठा बॉम्बस्फोट झालेला नाही.

यामागे कडक कलमांपेक्षा मला तीन साध्या गोष्टी दिसतात. स्फोटांची मालिका घडवणाऱ्या इंडियन मुजाहिदीनचं जाळं पोलिसांनी मोडलं. पैशाच्या अवैध वाटांवर लक्ष ठेवणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेने जून २०१८ ते ऑक्टोबर २०२२ पाकिस्तानला करड्या यादीत, म्हणजे जादा देखरेखीखाली ठेवलं. आणि घरात माहितीची देवाणघेवाण सुधारली.

कोकणात वादळ यायचं असेल तर बंदरावर बावटा लावतात. हवामान खात्याला वादळ कळलं, पण बावटा लागलाच नाही, किंवा लागला आणि होडीवाल्याला दिसला नाही, तर त्या कळण्याचा उपयोग शून्य. २००८ मध्ये तसंच झालं. समुद्रातून हल्ला होऊ शकतो, ताज हॉटेल लक्ष्य असू शकतं, असे इशारे आधी आले होते. हल्लेखोर कुलाब्याच्या मच्छीमार वसाहतीजवळ उतरले तेव्हा तिथल्या लोकांनी त्यांना पाहिलं, हटकलंही. खबर वरूनही होती आणि खालूनही होती. मधली वाट तुटलेली होती. आणि हाच किनारा पंधरा वर्षांपूर्वीही उघडा पडला होता: १९९३ च्या स्फोटांसाठी, ज्यात २५७ जण गेले, आरडीएक्स रायगडच्या शेखाडीला उतरलं होतं, आणि पुढे त्यासाठी कस्टम व पोलिसांतले काहीजण दोषी ठरले.

२६/११ नंतर गुप्तवार्ता विभागातल्या समन्वय केंद्रात केंद्र आणि राज्यांच्या यंत्रणांनी खबरी एकत्र आणायला सुरुवात केली. दिल्लीजवळच्या मानेसरहून कमांडो यायला दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडली होती, म्हणून एनएसजीची, म्हणजे याच कमांडोंच्या राष्ट्रीय दलाची, केंद्रं मुंबईसह चार शहरांत उघडली. महाराष्ट्राने स्वतःचं फोर्स वन हे पथक उभं केलं. राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्राची कल्पना मात्र २०१२ मध्ये राज्यांच्या विरोधामुळे बारगळली. पोलिस हा राज्याचा विषय आहे, दिल्लीहून कुणी येऊन आमच्या हद्दीत अटक करणार हे चालणार नाही, असं तेव्हा बऱ्याच मुख्यमंत्र्यांचं म्हणणं होतं. त्यात राजकारण होतं, पण घटनेतला मुद्दाही खरा होता.

धोका संपलेला नाही, त्याचं रूप बदललंय. २२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये २६ जण मारले गेले, त्यात सहाजण महाराष्ट्रातले होते, सुट्टीवर गेलेले. १० नोव्हेंबर २०२५ ला दिल्लीत लाल किल्ल्याजवळ गाडीत स्फोट झाला, आणि संशयितांमध्ये डॉक्टर निघाले. त्या कटाचा धागा हाती लागला तो श्रीनगरच्या नौगाम भागात भिंतींवर लागलेल्या धमकीच्या पोस्टरांमुळे. स्थानिक पोलिसांनी ती फाडून फेकून दिली नाहीत. सीसीटीव्ही पाहिले, लावणारे शोधले, आणि तिथून माग काढत तपास फरिदाबादमधल्या स्फोटकांच्या साठ्यापर्यंत पोचला. स्फोट पूर्ण टळला नाही, पण तो साठा वापरला गेला असता तर काय झालं असतं, हा विचारही करवत नाही.

"आता एनआयए आहे की"

एनआयए डिसेंबर २००८ च्या कायद्याने आली. राज्याने बोलावलं नाही तरी ती दहशतवादाचा तपास हाती घेऊ शकते. तिच्या निकाली निघालेल्या खटल्यांत ९० टक्क्यांहून जास्त दोषसिद्धी होते, असं सरकार सांगतं. मनुष्यबळ, तंत्रज्ञान, परदेशांशी संपर्क यांत ती राज्यांच्या कितीतरी पुढे आहे. मात्र हा आकडा वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तो निकाल लागलेल्या खटल्यांचा आहे, अडकलेल्यांचा नाही. आणि वर्षानुवर्षं आत राहिलेले काही आरोपी गुन्हा कबूल करतात, कारण भोगलेली कोठडी शिक्षेतून वजा झाली की लवकर बाहेर पडता येतं.

शिवाय मालेगावचा खटला एनआयएकडेच होता. पहिल्या तपासात घटनास्थळाचा नकाशा निघालेला नसेल, तर तीन वर्षांनी आलेली कुठलीही यंत्रणा तो कुठून काढणार? स्फोटाच्या जागी पहिल्यांदा पोचतो तो जवळच्या ठाण्याचा हवालदार. खटल्याचं भवितव्य बरंचसं त्याच्या हातात असतं.

पोलिसांना दोष देणं सोपं आहे

तो हवालदार कसा जगतो ते पाहा. देशात पोलिसांच्या मंजूर पदांपैकी साधारण पाचातलं एक रिकामं असतं. सकाळी गणपतीचा बंदोबस्त, दुपारी मोर्चा, रात्री नाकाबंदी, आणि मधल्या वेळात गुन्ह्याचा तपास. बॉम्बस्फोट झाला की वरून रोज फोन: कुणाला पकडलं? चॅनेलवाले दाराशी. अटक झाली की पत्रकार परिषद, पाठीवर थाप, बढती. तो खटला पुढे कोसळला तरी तोवर अधिकारी निवृत्त झालेला असतो. कुठल्याही कारखान्यात मालाच्या प्रतीऐवजी नुसत्या नगांवर बक्षीस दिलं तर जे होईल तेच इथे होतं.

सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंग खटल्यात २२ सप्टेंबर २००६ ला, म्हणजे लोकलच्या स्फोटांनंतर जेमतेम सव्वादोन महिन्यांनी, पोलिस सुधारणांचे सात आदेश दिले. त्यातला एक होता: तपास करणारे पोलिस आणि बंदोबस्त करणारे पोलिस वेगळे करा. तो आदेश राज्यांनी मनापासून अमलात आणलेला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेत मात्र दोन चांगल्या गोष्टी आहेत. झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण करायचं, आणि सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जायचं. बांगडीचं वजन गिऱ्हाइकासमोर करायचं, तसंच हे. त्यासाठी प्रयोगशाळा, माणसं, गाड्या लागतील; कलम लिहिण्यापेक्षा ते महाग आणि संथ काम आहे, आणि त्याची बातमी होत नाही.

उरलेल्यांचं काय

एकोणीस वर्षं आत काढून बाहेर आलेल्या माणसाला भरपाई देणारा कायदा आपल्याकडे नाही. कायदा आयोगाने २०१८ मध्ये तशी शिफारस केली होती. ती पडून आहे. ज्यांची माणसं गेली त्यांना थोडे पैसे मिळाले, पण "कुणी मारलं?" याचं उत्तर मिळालेलं नाही. लोकल खटल्याचं अपील सर्वोच्च न्यायालयात आहे. ते संपेपर्यंत सुरुवातीपासून नवा तपास कुणी करेल अशी चिन्हं नाहीत, आणि करायचा म्हटलं तरी २००६ च्या डब्यांतला पुरावा आता कुठून आणणार?

त्या स्फोटांत जखमी झालेला एक तरुण नऊ वर्षं कोमात होता. जुलै २०१५ मध्ये, स्फोटांच्या स्मृतिदिनाला चारच दिवस उरले असताना, तो गेला. सप्टेंबरमध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवलं, ते त्याने ऐकलं नाही. तो निकालही आता उरलेला नाही.